अब्बांच्या घोट्यावरचा डाग

अब्बांच्या डाव्या घोट्यावर नमाजचा घट्टा आहे. अत्तहियातला बसताना घोट्याची बाहेरची बाजू चटईवर टेकते, त्यामुळे आम्ही कधी लक्ष दिलं नाही. गेल्या रमजानात त्याच्या कडेला काळसर डाग दिसला. ईद झाली, बकरी ईद झाली. खपली धरायची, निघायची, पुन्हा ओलं. अम्मीला महारोगाची धास्ती. तिने सुई टोचून पाहिली. अब्बा ओरडले, म्हणजे जागा बधिर नव्हती! आम्ही हसलो खरे.

त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, आपल्यासारख्या सावळ्या लोकांत मेलानोमा हा कर्करोग जास्त करून तळपाय, तळहात नाहीतर नखाखाली निघतो, म्हणून उशिरा कळतो. गायक बॉब मार्लीच्या पायाच्या अंगठ्याला तोच झाला होता. १९८१ साली, ३६व्या वर्षी तो गेला. अब्बांच्या घोट्याला भूल देऊन कातडीचा छोटा तुकडा तपासायला काढला. एकच टाका.

रिपोर्टला आठवडा होता. चिंचपोकळीहून परळचं टाटा हॉस्पिटल जवळच. त्या आठवड्यात घरात त्याचं नाव कुणी काढलं नाही.

रिपोर्ट आला: कर्करोग नाही, सततच्या दाबाने जाड होऊन चिरलेली कातडी. अलहम्दुलिल्लाह. अब्बांनी शुकराण्याच्या दोन रकाती पढल्या, डॉक्टरांच्या सांगण्यावरून खुर्चीवर बसून.