ब्रशला टोपी कशाला?

वापरलेल्या टूथब्रशवर जंतू सापडतात, यात वाद नाही. तोंडातले असतात, हातावरचे असतात, मोरीला लागून संडास असेल तर तिथलेही असतात. मला खटकतं ते वेगळंच. या भीतीवर प्लास्टिकच्या टोप्या खपतात. ओल्या ब्रशला टोपी घातली की ओल आतच कोंडते आणि जंतूंचं आयतंच फावतं. दंतवैद्यांच्या संघटना सांगतात ते फुकटात होण्यासारखं आहे: ब्रश धुवा, झटका, उभा ठेवून उघड्यावर वाळू द्या, घरातल्या इतरांच्या ब्रशला टेकू देऊ नका. धडधाकट माणसाला तो औषधात बुडवायची गरज नाही, अतिनील किरणांच्या डबीची तर नाहीच.

ब्रशवरच्या जंतूंची एवढी भीती नको, तर मग हिरड्या बिघडतात कशानं? 1965 साली डेन्मार्कमध्ये संशोधक हाराल्ड लो यांनी निरोगी हिरड्यांच्या 12 जणांचं दात घासणं बंद केलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं सुरू होताच पूर्ववत झाल्या. दोष दातांवर साचणाऱ्या चिकट थराचा, जो पुढे कडक होऊन किटण बनतो. आपल्याकडे हिरडीतून रक्त आलं की माणूस नेमका तिथेच ब्रश फिरवायचं सोडतो. थर वाढतो, रक्तही वाढतं.

कुणी म्हणेल, आजा बाभळीच्या काडीनंच दात घासायचा. खरंय, आणि ती काडी रोज ताजी असायची, वापरून फेकली जायची. शिळ्या ब्रशचा प्रश्नच नव्हता. पण दातांच्या आतल्या बाजूला काडी नीट पोचत नाही. शिवाय बीडकडे, गेवराई तालुक्यातल्या उमापुरात, आज काडीची जागा कित्येकदा मिश्रीनं घेतलेली दिसेल. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. ती लावल्यावर ठणका थांबल्यासारखा वाटतो, म्हणूनच सुटत नाही; हिरडी मात्र आतून खराब होत राहते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. दिवाळीच्या सुमारास इथून टोळीबरोबर ऊसतोडीला गेलेली बाई पहाटे कोपीतून, म्हणजे झोपडीतून, फडात निघते, तिला ब्रश वाळवण्याचे नियम सांगणं मलाही जरा उद्धटपणाचं वाटतं. पाणीच मोजून मिळतं तिथे.

तरी एका बाबतीत सूट नाही. घरात मिळून एकच ब्रश वापरणं घातक आहे. हिरडीतून रक्त येत असेल तर कावीळ ब सारखा आजार त्यातून जाऊ शकतो. टोपीचे पैसे वाचवा आणि प्रत्येकाला वेगळा ब्रश घ्या. तीन-चार महिन्यांनी, किंवा केस वाकले की त्याआधीच, तो बदला.