आबांची सारजा

आटपाडीकडच्या आमच्या वस्तीवर सारजाला सगळे आबांची लेक म्हणत. खिलार गायीची ती कालवड. इतर जनावरांना कडबा पडायचा, हिला वर मूठभर पेंड. दीड वर्षाची झाली तेव्हा पाठीवरून हात घसरावा इतकी तुकतुकीत झाली होती. आबांचं खाकरणं ऐकलं तरी दाव्याला हिसके द्यायची.

मृगाचा पाऊस झाला, माळावर गवत फुटलं आणि एका सकाळी सारजा उठेना. उठवली तर मागचा पाय टेकेना. आई खुरात काटा शोधू लागली. आबांचा हात थेट फऱ्यावर गेला. अंग तापलेलं, रवंथ बंद, फऱ्यावर सूज. ती दाबली की कातडीखाली वाळका पाला चुरगळल्यासारखी चरचर. "फऱ्या हाय. पळ, डॉक्टरला आण." कुणी डाग द्यायला सांगितलं, तर आबा कडाडले, "कातडं जळंल, रोग आतच ऱ्हाईल!"

डॉक्टरांनी पेनिसिलिन भरपूर दिलं, काही सुजेच्या कडेनंही टोचलं. फऱ्याच्या जंतूंची बीजं मातीत वर्षानुवर्षं टिकतात, चरताना पोटात जातात. मांसात वाढले की वायू धरतो, तीच ती चरचर. जीव घेतं ते त्यांचं विष. सहा महिने ते दोन वर्षांची, अंगानं भरलेली जनावरंच बहुधा सापडतात आणि एक-दोन दिवसांत जातात. सूज गार पडून दुखायची थांबली, तर जनावर सुधारलं असं मानू नका, तिथलं मांस मेलेलं असतं, हे डॉक्टरांनी आईला दोनदा बजावलं.

त्याच आठवड्यात शेजारचा गोऱ्हा रातोरात गेला. कातडं सोलायला माणूस आला होता. आबांनी त्याला परत धाडलं. मेलेलं जनावर फाडलं की रोग रानभर होतो. खोल खड्डा, वर चुना. माती लोटेपर्यंत आबा तिथून हलले नाहीत.

सारजा वाचली. फऱ्यावर खळगा राहिला, चालताना पाय किंचित ओढायची. तरी गाभण राहिली, व्याली, खोंड झालं. फऱ्याच्या लसीचा गुण अंगात यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून त्यानंतर आबा दर वर्षी वैशाखातच डॉक्टरांना वस्तीवर आणायचे. सहा महिन्यांपुढचं एकही वासरू सुटायचं नाही. तिच्या खोंडाची पाळी आली, त्याला सुई टोचली आणि सारजानं दावं तोडून डॉक्टरांना बांधापर्यंत पळवलं.