मोटारीची जाळी

आमच्या थोरल्या बंधूंच्या पश्चात त्यांची अॅम्बॅसडर अंगणात उभी होती. ही मोटार तयार होणे 2014 सालीच थांबले. वहिनींना मात्र ती विकवेना. पुढील जाळी गंजली होती व तिला पुन्हा क्रोमचा मुलामा चढविण्याचा खर्च झेपणारा नव्हता. तेव्हा पुतण्यास हाताशी घेऊन आम्ही ती घरीच रंगविली.

क्रोमच्या गुळगुळीत अंगावर रंग धरत नाही, हेच त्यातील मर्म. म्हणून जाळी उतरवून, साबणाने धुऊन, 400 नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावीत एकेक पट्टी घासली. झगझगीतपणा मोडेपर्यंत व गंज निघेपर्यंत दोन दिवस गेले, बोटे सोलवटली. मग थिनरने पुसून प्रायमर, आणि तो वाळल्यावर रुपेरी रंगाचे तीन पातळ हात. जाड हात दिला की ओघळ आलाच! पावसाळी हवेत रंग पांढुरका पडतो, यास्तव कोरडे ऊन पाहूनच हे काम काढले होते.

“भावोजी, पूर्वीची चमक नाही हो,” वहिनी म्हणाल्या. खरेच होते, रंगास क्रोमची आरशासारखी झळाळी येत नाही. तथापि पुढच्या आठवड्यात त्यांनी पुतण्यास मोटार काढावयास सांगितली व बाजारास त्या मोटारीनेच गेल्या.