चहाचे तीस रुपये

पदाधिकारी निवडण्याचं आमच्या गल्लीचं एक शास्त्र आहे. ज्याचा आवाज मोठा त्याला अध्यक्ष करतात, ज्याचं अक्षर चांगलं त्याला सचिव, आणि जो सभेला उशिरा येतो त्याला खजिनदार. मी त्या दिवशी पंधरा मिनिटं उशिरा गेलो. मारुतीच्या देवळात पाऊल टाकतोय तोच टाळ्या झाल्या. मला वाटलं, आरती संपली.

गोष्ट 2016 सालच्या उन्हाळ्यातली, लातूरची. मांजरा धरणाचा तळ दिसत होता. नळाची तोटी पिळली तर नुसतं सुस्कारल्यासारखी वाजायची. मार्च महिन्यात पाणी भरायच्या ठिकाणी 144 कलम लागलं. तोवर हे कलम दंगलीसाठी असतं अशी माझी समजूत होती. पण एका घागरीवरून आमची सौ. आणि शेजारच्या वहिनी यांच्यात झालेला संवाद ऐकला, आणि सरकारला आपल्यापेक्षा जास्त कळतं हे मान्य केलं. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी! पुढं तर पन्नास-पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. पण अख्ख्या शहरात वाटल्यावर त्यातलं आमच्या बोळापर्यंत कितीसं येणार?

म्हणून गल्लीनं ठरवलं, वर्गणी काढून टँकर आणायचा. घरं बावीस. दर घरी आठवड्याला 200 रुपये. जमा 4,400. सहा हजार लिटरचे तीन टँकर, 1,300 प्रमाणे 3,900. उरलेल्या पाचशेत पाइप, तोट्या आणि किरकोळ. पाणी 18,000 लिटर. घरटी 200 लिटरची चार बॅरलं धरली तर 17,600. उरलेलं 400 लिटर 'सांडलवंड' या सदरी. सांडलेल्या पाण्याचा हिशेब ठेवणारा खजिनदार त्या काळी लातुरात मी एकटाच असेन.

हिशेब उघडा असावा, ही कल्पना माझीच. कोणी विचारण्याआधी सांगून टाकलेलं बरं, असा माझा भित्रा स्वभाव. देवळाच्या भिंतीवर फळा टांगला. डावीकडं जमा, उजवीकडं खर्च, खाली बावीस घरांची नावं आणि पुढं 'आले' किंवा 'बाकी'. पहिल्या शनिवारी फळ्यापुढं ही गर्दी! पाण्याला जमत नव्हती तेवढी माणसं आकड्यांना जमली.

कोपऱ्यावरचे वकीलसाहेब चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "चहा, तीस रुपये. हा चहा कोणी प्यायला?"

"टँकरच्या ड्रायव्हरनं, क्लीनरनं आणि मी."

"तुम्ही कोणत्या अधिकारात प्यायलात?"

त्यावर मी काय बोलणार? समोरच्यानं पुढं केलेला कप परत करणं मला जन्मात जमलेलं नाही. पण चहा महिनाभर गाजला. मे महिन्यात बातमी आली, की रेल्वेनं 6 कोटी 20 लाख लिटर पाण्याच्या वाहतुकीचं सुमारे 4 कोटींचं बिल जिल्हाधिकाऱ्यांकडं पाठवलंय. मी आशेनं भागाकार केला. रेल्वेचं पाणी लिटरला 65 पैशांच्या आसपास आणि आमचं 22 पैशांच्या आत! हे मी मोठ्या अभिमानानं फळ्यावर लिहिलं. वकीलसाहेबांनी ते वाचलं आणि म्हणाले, "बिलात चहा नाही लावला रेल्वेनं."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्या पहिल्याच शनिवारी फळ्यावर एका नावापुढं मी 'बाकी' लिहिलं होतं. बोळाच्या टोकाला भाड्याच्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या एक मावशी राहायच्या. नवरा गवंडी. शहरात प्यायला पाणी नव्हतं, तिथं भिंतींवर कोण मारणार? बांधकामं बंद, त्याची मजुरी बंद. मी आपलं नियमाप्रमाणं लिहिलं, सुवाच्य अक्षरात, तेही दोन ओळी मारून. रविवारी टँकर आला. बावीस घरांच्या बॅरलांची रांग लागली, त्यात एकवीस घरांचीच निघाली. मावशींनी बॅरल आणलंच नव्हतं. त्यांची पोरगी दाराआडून पाइपाकडं बघत होती. मी हाक मारली, तर आतून आवाज आला, "नको दादा, आमचं हाय भरलेलं."

भरलेलं! अख्ख्या लातुरात त्या दिवशी कोणाचं भरलेलं नव्हतं.

त्या रात्री फळा पुसला आणि 'आले' लिहिलं. दोनशे रुपये खिशातले टाकले. असं पाच आठवडे केलं, आणि मावशींना सांगितलं, की गल्लीला सवलत मिळालीय. घरात ते हजार रुपये 'सायकल दुरुस्ती' या सदरी गेले. तुकोबांनी कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली म्हणतात. त्यांना निदान नदीला पाणी होतं.

अशात नांदेडहून सासरे आले. एका गिरणीत चाळीस वर्षं हिशेबनीस होते. गोदावरीकाठचा माणूस, पण पाण्याआधी वह्या मागितल्या. रोजकीर्द, खतावणी, पावतीपुस्तक, सगळं दुपारभर चाळलं. संध्याकाळी म्हणाले, "जावईबापू, आकडे बरोबर आहेत, पण खोटे आहेत."

"मामा, पैसा न् पैसा जुळतोय."

"म्हणून तर. एकवीस पावत्यांवर एकवीस तऱ्हेच्या सह्या, आणि बाविसावी सही तुमच्या अक्षरात. तूट आली तर लोक चोर म्हणतात. पण असा हिशेब उद्या दुसऱ्याच्या हाती गेला, तर तो पहिल्याच आठवड्याला फसेल. तुमच्या दयेचा आकडा दाखवायला वहीत जागा नाही, म्हणून तुम्ही खोटी जागा केलीत."

आतून सौ.चा आवाज आला, "सायकल कुठं दुरुस्त केली होती म्हणे?"

रविवारी देवळात मी सगळं सांगितलं, मावशींचं नाव सोडून. मान खाली होती. पहिले उठले ते वकीलसाहेबच. वाटलं, आता मेलो. ते म्हणाले, "गल्लीच्या शिलकेतून दर आठवड्याला दोनशे खर्ची टाका. फळ्यावर लिहा, 'एक घर, गल्लीतर्फे'. रक्कम लिहा, नाव नको. नावं फक्त वहीत राहतील. आणि खजिनदाराचे हजार परत करा. त्याला कोणी धर्मादाय अधिकारी नेमलेलं नाही." बसता बसता पुन्हा उठले. "आणि चहाचे तीस रुपये मंजूर. पण यापुढं अर्धा कप."

तेव्हापासून माझ्या ध्यानात आलं, की हिशेब उघडा ठेवायचा तो पैशाचा. माणसाची अडचण भिंतीवर टांगायची नसते. वाटलं, आता या विषयात मला कळायचं काही शिल्लक राहिलं नाही.

पण जुलैत पाऊस झाला आणि एका सकाळी मावशी दारात उभ्या. हातात गाठोडं. आमच्या गल्लीत पाण्याची टंचाई होती, बातम्यांची कधीच नव्हती. त्यांना पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं.

"ही बावीस फडकी हायत, पाणी गाळायची. दुहेरी शिवलीत. घरोघर द्या."

"अहो मावशी, कशाला?"

"कशाला म्हंजे? हिशेबाला! फळ्यावर 'एक घर, एक घर' लिवलालाव दोन महिनं. त्या घराला नाव हाय की! आता जमेत लिवा, नावानिशी."

मी खडू घेतला. मामांच्या शिकवणीप्रमाणं डावीकडं लिहिलं: फडकी, नग 22. पुढं मावशींचं पूर्ण नाव, दोन ओळी मारून. त्यांनी ते लांबून, जवळून बघितलं आणि पावती मागितली. खाली स्वतःच्या हातानं सही केली.

शेजारी वकीलसाहेब आपलं फडकं उजेडाकडं धरून शिवण तपासत होते. म्हणाले, "माल चोख आहे. लिहा, खर्च मंजूर."

"कसला खर्च?"

"मावशींना चहा नको का द्यायला? पूर्ण कप."