आठ वार लोकर

किल्ट शिवायला टाकणाऱ्या गिऱ्हाइकाला स्कॉटलंडमधला कारागीर आरंभीच दोन प्रश्न विचारतो : टार्टन कोणता, आणि कापड किती औंसांचे? पहिला प्रश्न ऐकताच माणूस गंभीर होतो. त्यात कूळ असते, पूर्वज असतात, इतिहास असतो. दुसरा प्रश्न त्याला धंद्यातला आणि म्हणून किरकोळ वाटतो. या दोन प्रश्नांपैकी अधिक जुना आणि अधिक प्रामाणिक कोणता, हे मात्र नमुन्यांची चोपडी मिटल्यावरच ध्यानात येते.

डंडी शहरातला एखादा तरुण घ्यावा. त्याचे लग्न ठरले आहे आणि त्या दिवशी त्याने किल्ट नेसावा अशी त्याच्या थकलेल्या वडिलांची इच्छा आहे. त्याची पणजी तागाच्या गिरणीत राबलेली. बंगालमधून गलबतांनी येणाऱ्या तागावर हे शहर एके काळी जगत होते. घराणे मूळचे आयर्लंडमधले, पोटासाठी इकडे आलेले. चोपडीत मॅक्डोनल्ड आहेत, कॅम्बेल आहेत, फ्रेझर आहेत. त्याचे आडनाव कुठेच नाही. ज्या भूमीवर आपण जन्मलो तिच्या वस्त्रात आपल्याला जागा नसावी, ही जाणीव त्याला त्या दुकानात प्रथमच बोचते. उसन्या कुळाचे कापड नेसून उभे राहावे की साधा काळा सूट घालून मोकळे व्हावे?

त्याला धीर देणारी गोष्ट इतिहासातच आहे. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर जॅकोबाइटांचा पराभव झाला आणि त्याच वर्षी पार्लमेंटने हायलंडच्या पोशाखावर बंदी घातली. १ ऑगस्ट १७४७ पासून ती अमलात आली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्या गुन्ह्याला सात वर्षे समुद्रापार हद्दपारी. सवलत होती ती केवळ राजाच्या सैन्यातील शिपायांना. घरी जे नेसणे गुन्हा होते, तेच पलटणीत भूषण ठरले. त्या हायलंडर पलटणी पुढे साम्राज्याच्या कामी दूरदूर गेल्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या फौजांसमोर ज्या उभ्या ठाकल्या त्यांत ७४वी आणि ७८वी या हायलंडरांच्याच होत्या. जित जेत्याच्या सेवेत शिरतो तेव्हा त्याचे वस्त्रही त्याच्याबरोबर जाते.

१७८२ साली बंदी उठली. तोवर एक पिढी सरली होती. पूर्वी विणकराच्या आवडीवर आणि मिळतील त्या रंगांवर चौकडी ठरत असे. आता बॅनकबर्नची विल्सन ही विणकरांची पेढी नमुने विणू लागली; त्यांतले काही नुसत्या आकड्यांनी ओळखले जात, काहींना गावांची नावे, काहींना कुळांची. १८१५ साली लंडनच्या हायलंड सोसायटीने कुळप्रमुखांकडे त्यांच्या टार्टनचे नमुने मागितले. १८२२ साली चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. वॉल्टर स्कॉटने त्या स्वागताचा थाट मांडला आणि सारे शहर टार्टनमय झाले. १८४२ साली दोघा भावांनी प्राचीन हस्तलिखिताच्या आधारे म्हणून जो ग्रंथ छापला, तो पुढे बनावट ठरला. त्यातले नमुने मात्र आजही अभिमानाने नेसले जातात. प्रत्येक कुळाचा ठरलेला टार्टन ही कल्पना मुख्यतः एकोणिसाव्या शतकाची आहे.

तेव्हा डंडीच्या त्या तरुणाला कुणी अडवणारा नाही. बाल्मोरल टार्टन राजघराण्यासाठी राखीव मानला जातो. बाकी निवड ही शिष्टाचाराची बाब, कायद्याची नव्हे. पलटणीचा गडद निळा-हिरवा-काळा ब्लॅक वॉच कुणीही घ्यावा. गावांचे आणि परगण्यांचे टार्टन आहेत, डंडीचाही आहे. २००९ पासून टार्टनची सरकारी नोंदवही आहे. तीत नवा नमुनाही दाखल करता येतो. कूळ नसलेल्याला गाव असतेच. तरुण डंडीच्या नमुन्यावर बोट ठेवतो.

मग वजन. दुहेरी पन्ह्याच्या एका वाराचे जे वजन, तेच कापडाचे वजन म्हणून सांगितले जाते : दहा-अकरा औंस हलके, तेरा मध्यम, सोळा भारी. पूर्ण किल्टला एकेरी पन्ह्याचे आठ वार, म्हणजे दुहेरी पन्ह्याचे चार वार लागतात. नऊवारीचा संसार पाहिलेल्या मराठी वाचकाला एवढे कापड कुठे जाते हे सांगायला नको. ते निऱ्यांत जाते. फरक इतकाच की इथे निऱ्या पाठीमागे असतात, शिवून पक्क्या केलेल्या, आणि पुढची बाजू सपाट. दहा औंसांचा किल्ट भरतो सुमारे १.१ किलो, सोळा औंसांचा सुमारे १.८ किलो. हा फरक कमरेला जाणवतो, आणि हायलंडच्या वाऱ्यात त्याहून अधिक. हलके कापड उडते, बसले की चुरगळते, निरी लवकर विसरते. भारी कापड आपल्याच भाराने सरळ लोंबते, चालताना डुलते आणि थांबताच जागेवर येते.

निऱ्या घालण्याच्याही दोन रीती आहेत. एकीत घड्या अशा बसवतात की चौकडी पाठीवरही अखंड दिसावी; दुसरीत प्रत्येक निरीवर एकच रेघ आणतात. दुसऱ्या रीतीने केलेला किल्ट उभ्या माणसाच्या पाठीवर एका रंगाचा भासतो. तो चालू लागला की घड्यांत दडलेले रंग उघडतात आणि पुन्हा मिटतात. हे घडायलाही कापडात भार हवा.

तरुण तेरा औंसांकडे झुकतो. लग्न उन्हाळ्यात आहे, पैसेही मोजकेच. वडील सोळा औंसांचा तुकडा दोन बोटांत धरून चोळतात आणि खाली ठेवत नाहीत. भारी लोकर माणसापेक्षा अधिक टिकते, हे त्यांना बोलून दाखवायचे नाही. आपण जे पाहू की नाही याची खात्री नाही, त्या दिवसांसाठी ते कापड निवडत आहेत. मुलगा एकवार त्यांच्या हाताकडे पाहतो आणि सोळा औंस म्हणून सांगतो.

कारागीर फीत काढतो. किल्टच्या खालच्या कडेला मुडप नसते. विणीचा काठच तिथे येतो, म्हणून लांबी पुढे वाढवता येत नाही. ती गुडघ्याशी नीट बेतून घ्यावी लागते. कमरेला मात्र पट्टे आणि बकले असतात. नेसणारा जाडावला, की ती सरकवतात. नेसणारा बदलला, तरी तीच सरकवतात.