आम्ही समाजशास्त्र घेतलें!

बारावीची परीक्षा उत्तीर्ण होऊन आम्ही गोंदियाच्या कॉलेजांत नांव घालावयास निघालों, तेव्हां कोणते विषय घ्यावे याविषयीं घरीं बरीच चर्चा झाली. अर्थशास्त्र उत्तम, भूगोल चालेल, इंग्रजी तर हवेंच. परंतु समाजशास्त्र हें नांव ऐकतांच आमच्या थोरल्या काकांनीं कपाळास हात लाविला. "समाज त दारातच बसला हाय, त्याले शिकाले गोंदियाले कायले जाव लागते?" असें ते म्हणाले. त्यांस काय सांगावें हें त्या वेळीं आम्हांस सुचलें नाहीं. आज तीन वर्षांनंतर थोडेंसें सुचत आहे, म्हणून आपल्या शाळेच्या वार्षिकासाठीं हे चार शब्द लिहीत आहों.

विद्यार्थिमित्रहो, पहिलीं दोन वर्षें आमचीं मोठ्या सुखांत गेलीं. फ्रान्समधील दुर्खेम नांवाच्या पंडितानें १८९७ सालीं आत्महत्येवर ग्रंथ लिहिला आणि मनुष्य जें कृत्य अगदीं एकटेपणीं करितो त्याचींही कारणें समाजांत सांपडतात असें दाखविलें, हें वाचून आम्ही चकित झालों. आपल्याकडे मुंबई विद्यापीठांत या शास्त्राचा विभाग १९१९ सालीं निघाला. पॅट्रिक गेडीस हे पहिले प्राध्यापक, आणि त्यांच्यामागून मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये. घुर्ये यांच्या हाताखालीं इरावतीबाई कर्वे शिकल्या. त्याहूनही अगोदर, १९१६ च्या मे महिन्यांत, न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत डॉ. आंबेडकरांनीं जातिसंस्थेवर निबंध वाचिला आणि आपल्याच जातींत विवाह करण्याची रूढि हेंच जातीचें मर्म होय असें प्रतिपादिलें. त्यांचें वय तेव्हां अवघें २५ वर्षांचें होतें. हें सर्व आम्ही उत्तम पाठ केलें व गुणही बरे मिळविले. दुसऱ्याच्या समाजाविषयीं वाचतांना कोणासही त्रास होत नाहीं!

तिसऱ्या वर्षीं मात्र सरांनीं सांगितलें कीं, प्रत्येकानें आपापल्या गांवीं जाऊन चाळीस घरांची पाहणी करावी. प्रश्नावली तयार झाली. कुटुंबांत माणसें किती, जमीन किती, काम कोणतें, मजुरी किती व ती कोण देतो, असे सुमारें तीस प्रश्न होते. कागदांचा गठ्ठा घेऊन आम्ही वडशाकडे जाणाऱ्या गाडीनें निघालों. आमचें गांव अर्जुनी मोरगांव तालुक्यांत आहे. हा मुलूख झाडीपट्टीचा. १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यापूर्वीं तो भंडाऱ्यांत मोडत असे.

आमच्याकडे गांव समजून घ्यावयाचा तर तलावाच्या पाळीवर उभें राहावें. परमुलखांतील पाहुण्यास 'मामा तलाव' हें नांव ऐकून कोणाच्या तरी मामाची आठवण होते. वास्तविक तें 'माजी मालगुजारी' या शब्दांचें लघुरूप आहे. मालगुजारी १९५१ सालीं गेली, तलाव राहिले. तलाव बांधण्याचें कसब कोहळ्यांचें, मासे धरण्याचें ढिवरांचें. पाणी प्रथम कोणाच्या बांधींत जावयाचें आणि शेवटीं कोणाच्या, हेंही पाळीवरून दिसतें. लहानपणापासून आम्ही त्या पाळीवर खेळलों, परंतु हा क्रम कोणी लाविला असावा असा प्रश्न आम्हांस कधीं पडला नव्हता.

रोवणीचे दिवस होते. पाऊस रिपरिपत होता आणि बाया ओळीनें वांकून चिखलांत धान रोवीत होत्या. तेरावें कीं चौदावें घर असेल. दुपारच्या सुटींत त्या घरच्या मावशी झाडाखालीं भाकर खात असतां आम्हीं त्यांस प्रश्न विचारावयास आरंभ केला. काम? रोवणी, निंदणी, हिंवाळ्यांत कापणी. मजुरी? त्यांनीं आंकडा सांगितला. पुरुषांस किती? त्यांनीं सांगितलेला आंकडा जवळजवळ दीडपट होता. आम्ही मोठ्या गंभीरपणें लिहीत होतों. मग पुढील प्रश्न वाचला, "ही मजुरी कोण देतो?"

मावशी आमच्याकडे पाहतच राहिल्या. मग हंसून म्हणाल्या, "कोण देते म्हंजे? तुमच्याच घरून भेटते ना, बाबू!"

शेजारच्या बायाही हंसल्या. आमची लेखणी मात्र थांबली. तो रकाना भरण्यास आम्हांस किती वेळ लागला हें येथें सांगत नाहीं.

रात्रीं जेवतांना आम्हीं बाबांजवळ विषय काढिला. ते म्हणाले कीं पुरुष चिखलणी करितात, बांध धरितात, बैल हांकितात. काम निराळें म्हणून मजुरी निराळी. यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. परंतु पऱ्हे उपटून पेंढ्या बांधावयास आमच्याच शेतांत पुरुष व बाया एकाच बांधींत, एकाच वेळेस बसतात, आणि त्या दिवशींही मजुरी निराळीच पडते. समान कामास समान वेतन देण्याचा कायदा १९७६ सालीं झाला, असेंही आम्हीं सांगितलें. बाबा हात धुऊन उठले. "आमचाच हिशेब तपासाले तुले शिकवलं का रे?" एवढेंच बोलले. आई कांहीं बोलली नाहीं. मात्र दुसऱ्या दिवशीं तिनें मजुरीची वही आमच्या पुढ्यांत आणून ठेविली. आंकडे तेच होते.

एम. एन. श्रीनिवास हेही घुर्ये यांचे विद्यार्थी. १९४८ सालीं ते म्हैसूरकडील एका खेड्यांत जाऊन राहिले. पुढें १९७० सालीं अमेरिकेंत आग लावण्यांत आली तींत त्यांच्या टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. तेव्हां त्यांनीं स्मरणानें ग्रंथ लिहिला, तो १९७६ सालीं प्रसिद्ध झाला. परीक्षेंत आम्ही आगीची गोष्ट तेवढी रंगवून लिहीत असूं. परंतु त्याच ग्रंथांत ते असेंही कबूल करितात कीं, आपण गांवच्या मुखियाच्या घरीं उतरलों, म्हणून आपणांस गांव बहुतेक जमीनवाल्यांच्या बाजूनेंच दिसला. हें वाक्य आम्हीं पूर्वीं वाचिलें होतें खरें. त्या आठवड्यांत तें पुन्हां उघडून वाचिलें. आम्हीही गांवांत मुखियाच्याच घरीं उतरलों होतों. फरक इतकाच कीं, तें आमचेंच घर होतें.

चाळीस अर्जांत आमच्या घराचा अर्ज नव्हता. सरांनीं तसें सांगितलें नव्हतें. आम्हींच तें घर वगळलें होतें. परत निघण्यापूर्वीं बाबांपुढें बसून एकेचाळिसावा अर्ज भरिला. त्यांनीं सर्व प्रश्नांचीं उत्तरें दिलीं. मजुरीच्या प्रश्नाशीं थोडे अडखळले, मग आंकडा खरा सांगितला.

यंदाच्या रोवणीस आम्ही घरीं गेलों होतों. पऱ्हे उपटणाऱ्या बायांची मजुरी बाबांनीं वाढविली आहे. पुरुषांच्या बरोबरीची नाहीं, फरक सुमारें निम्मा उरला आहे. रोवणीची मजुरी पूर्वींच्याच हिशेबानें चालू आहे. शेजारचे दोन शेतकरी यावरून आमच्या घरीं भांडावयास येऊन गेले. काका ओट्यावर बसून ऐकत होते. पाहुणे गेल्यावर आमच्याकडे वळून म्हणाले, "तुया त्या अर्जाचा एक कागद आमच्या घरासाठीं असन, त दे."