तारखेच्या आधीही जाता येतं

केमचं कुंकू गावोगाव पोचतं. केमच्या बाईला मात्र कॅन्सरच्या उपचारासाठी कुर्डुवाडीला गाडी बदलून बार्शी गाठावी लागते. केमच्या आमच्या वहिनींचे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे किरणोपचार संपले. आता पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी तपासणी. रोज बुडतो, सोबतीला माणूस लागतं, मग तारीख टळते.

इटलीतल्या ‘टोटेम’ चाचणीत गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरनंतर जास्त तपासण्या झालेल्या बायका काही जास्त जगल्या नाहीत. वहिनींचा आजार वेगळा, त्यामुळे तो निकाल त्यांना जसाच्या तसा लागू नाही. पण अंगावरून रक्त जाणं, न थांबणारी कंबरदुखी, एका पायाला सूज ही आजार परतल्याची लक्षणं माहीत असली की बाई तारखेची वाट बघत बसत नाही. शिवाय किरणांनी योनिमार्ग आखडू शकतो, संबंध दुखतात. हे नवऱ्यादेखत डॉक्टरांना कोण सांगणार? (विचारतं तरी कोण?)

बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने टाटा मेमोरियलसोबत तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावं बायकांच्या तपासणीसाठी पिंजून काढली. एचपीव्ही विषाणूच्या एकाच चाचणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचं २००९ साली छापून आलं. तपासणी गावात येऊ शकते, तर उपचारानंतरची विचारपूसही आशाताईंमार्फत यावी. आणि बायांनो, रक्त दिसलं तर तारखेआधीच निघा.